राहायला गाडी घ्यायची, तर नवी की जुनी?

कॅम्परव्हॅन सुट्टीपुरती वापरायची असेल तर नवी की जुनी हा निव्वळ बजेटचा प्रश्न असतो. बारा महिने तिच्यातच राहायचं ठरलं की त्या प्रश्नाचे दोन तुकडे करावे लागतात. गाडीचं वय एक आणि गाडीच्या आतल्या घराचं वय दुसरं. ही दोन्ही वयं वेगवेगळी मोजायची. पुण्यात हा फरक लवकर कळतो. ट्रॅव्हलर ही मिनीबस बनवणारी फोर्स मोटर्स कंपनी आकुर्डीची. ट्रॅव्हलरचे स्प्रिंगचे पाटे, क्लचप्लेट, बुश, इंजेक्टर नाना पेठेत मिळतात आणि या गाडीवर हात बसलेले मिस्त्री भोसरीपासून कात्रजपर्यंत सापडतात. आतल्या घराचं तसं नाही. वायर कुठून गेली, पाण्याचा जोड कोणत्या फळीमागे आहे, गॅसची नळी किती जुनी आहे, हे ज्याने बांधलं त्यालाच ठाऊक असतं. बहुतेक वेळा तो माणूस गाडी विकून मोकळा झालेला असतो.

म्हणून आमचं मत आधीच सांगतो. जुनी गाडी चालेल, जुनं घर शक्यतो नको, आणि कागद अर्धवट असलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी नकोच. कर्ज लागणार असेल किंवा पूर्ण विमा हवा असेल तर नवी, मान्यताप्राप्त बांधणीचीच घ्यावी. हाती रोकड आहे, थोडं थांबायची तयारी आहे आणि गाडी गॅरेजमध्ये गेली तर डोकं टेकायला दुसरी जागा आहे, अशांनी जुनी गाडी घेऊन आतलं नव्याने बांधावं. ही शेवटची अट लोक विसरतात. क्लच बदलायला गाडी चार दिवस आत राहिली तर ते चार दिवस तुमचं घरही आतच असतं.

तपासणीचा आमचा क्रम असा: आधी कागद, मग वजन, मग पत्रा, मग इंजिन आणि सर्वांत शेवटी घर. बाजारात लोक बरोबर उलट जातात. दार उघडल्यावर पिवळे दिवे, लाकडी छत आणि छोटं बेसिन दिसलं की मन तिथेच बसतं. मग कागद नंतर बघू, असं होतं.

कागदांची गोष्ट रुक्ष आहे, पण निम्म्या गाड्या इथेच गळतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, त्याला परिवहन कार्यालयाची मान्यता लागते. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. नवी गाडी बांधून देणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा: या मॉडेलला एआयएस-१२४ खाली मंजुरी आहे का, आणि असेल तर प्रमाणपत्राची प्रत दाखवा. कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय ही अशी प्रमाणपत्रं देणारी संस्था आपल्याच शहरात आहे, त्यामुळे पुण्यातल्या बांधणीवाल्याला हा विषय नवा नसतो. ‘ते नंतर करून देऊ, साहेब’ असं उत्तर आलं तर तिथून निघावं.

जुनी तयार कॅम्परव्हॅन असेल तर आरसीवर बॉडीचा प्रकार काय लिहिलाय ते वाचायचं. तिथे कॅम्पर व्हॅन किंवा मोटर कॅराव्हॅन हवं. तिथे ‘बस’ किंवा ‘डिलिव्हरी व्हॅन’ असेल आणि आत पलंग, शेगडी, संडास असेल, तर ती गाडी कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरी आहे. अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर नेमका हाच फरक टिपतो. आसनसंख्याही बघायची. आरसीवर तेरा आणि आत दोनच पट्टेवाल्या सीट, म्हणजे बदल नोंदलेला नाही.

रिकामी जुनी गाडी घेऊन नव्याने बांधायची असेल तर ती कुठून येते यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. पुण्यात चार प्रकारच्या गाड्या हाताला लागतात. हिंजवडी-चाकणच्या कंपन्यांना लावलेल्या स्टाफ बस, शाळेच्या बस, टूरवाल्यांच्या गाड्या आणि लिलावात निघालेल्या रुग्णवाहिका. स्टाफ बसचं किलोमीटर कमी दिसतं, पण इंजिन ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास उभ्याने चाललेलं असतं. क्लच आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरचे सिंक्रो घासलेले निघतात. टूरच्या गाड्या तीन-चार लाख किलोमीटर झालेल्या असतात. मात्र ते हायवेचं पळणं असतं, म्हणून इंजिन अनेकदा अपेक्षेपेक्षा बरं निघतं. मार खातं ते सस्पेन्शन आणि पुढच्या चाकांची जोडणी. शाळेच्या बसला वेग कमी, मालक सहसा एकच, पण छत ठेंगणं आणि खिडक्यांची रांग मोठी. रुग्णवाहिकेचं छत उंच असतं आणि भिंती बऱ्याच बंद असतात, त्यामुळे राहायला तिची पेटी सर्वांत सोयीची. तिची गोम जमिनीत असते. आतली जमीन वारंवार पाण्याने धुतलेली असते, म्हणून व्हिनाइल उचलून खालचा प्लाय आणि पत्रा बघितल्याशिवाय बोली लावू नये. सरकारी गाड्यांचे लिलाव बहुतेक एमएसटीसीच्या संकेतस्थळावर होतात आणि अट ‘जशी आहे, जिथे आहे’ अशी असते. ती अट शब्दशः घ्यायची. चावी, बॅटरी, आरसी यांपैकी काय हाती मिळणार, ते आधी विचारून घ्यायचं.

या चारही प्रकारच्या गाड्या बहुधा परिवहन वर्गात नोंदलेल्या असतात, म्हणजे बस असेल तर पिवळी पाटी. खासगी वापराची कॅम्परव्हॅन बिगर-परिवहन वर्गात नोंदता येते, पण तिथवर पोचायला परमिट जमा करणं, थकलेला कर आणि ई-चलानं भरणं, बदलाची परवानगी, पुन्हा तपासणी अशी साखळी आहे. पुण्यात संगम पुलाजवळचं कार्यालय एमएच-१२ चं, पिंपरी-चिंचवडचं एमएच-१४. टोकन देण्याआधी आरसीची प्रत घेऊन संबंधित कार्यालयात जा आणि विचारा की या विशिष्ट गाडीचा असा बदल नोंदवून मिळेल का, आणि कोणती कागदपत्रं लागतील. एजंट ‘होऊन जाईल’ म्हणतो. ते ऐकून घ्यावं, पैसे मात्र कार्यालयातल्या उत्तरावर टाकावेत. मालवाहू म्हणून नोंदलेली बंद डिलिव्हरी व्हॅन रचनेने उत्तम असते, पण मालवाहूवरून राहण्याच्या गाडीवर येणं प्रवासी गाडीपेक्षा किचकट. पहिल्यांदाच हा उद्योग करणाऱ्याने ती वाट टाळावी.

वाहन पोर्टलवर नंबर टाकून चार गोष्टी बघायच्या: कितवा मालक, पासिंग कधीपर्यंत, बँकेचा बोजा उतरलाय का, विमा चालू आहे का. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि सही केलेला नमुना ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम द्यायची नाही. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर नमुना २८ ची एनओसी. चॅसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट स्वतः काढायचा आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवायचा. खोडलेला किंवा गंजाने पुसलेला नंबर हे पुढच्या सगळ्या कटकटींचं मूळ असतं.

इथेच वयाचा हिशेबही करून टाकावा. खासगी नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या खासगी आणि ८ वर्षांवरच्या परिवहन गाड्यांना पर्यावरण कर लागतो. म्हणजे दहा वर्षांची गाडी घेऊन तिच्यात नवं घर बांधलं, तर त्या घराला पहिली पाचच वर्षं विनासायास मिळतात. दिल्लीकडे जायचा बेत असेल तर आणखी सावध. तिथले जुन्या डिझेल गाड्यांचे निर्बंध २०१५ पासून अनेकदा बदललेले आहेत, निघण्याआधी त्या दिवशीचा नियम बघायचा. आमच्या मते राहायच्या गाडीसाठी पाच ते सात वर्षांची गाडी हा मध्यबिंदू बरा. घसाऱ्याचा मोठा घाव पहिल्या मालकाने सोसलेला असतो आणि कागदाचं आयुष्यही शिल्लक असतं.

नव्या-जुन्याचं दुसरं मोठं वळण म्हणजे १ एप्रिल २०२०, बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाल्याची तारीख. त्यानंतरच्या डिझेल गाडीत धुराच्या नळीवर डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी गाळणी असते. ती स्वतःला साफ करते ती गाडी हायवेवर सलग पळाल्यावर, नळीतलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास गेल्यावर. राहायची गाडी नेमकं उलट वागते. आठवडाभर उभी, मग पाणी भरायला तीन किलोमीटर, पुन्हा उभी. त्यात कोणी एसीसाठी इंजिन चालू ठेवून बसलं तर गाळणी हमखास तुंबते. नवी गाडी घेणाऱ्याने हे वेळापत्रकातच बसवावं: पंधरवड्यातून एकदा तरी एक्सप्रेस-वे किंवा सातारा रस्त्यावर अर्धा-पाऊण तास एका वेगाने फेरी. सफाई चालू असताना वाळक्या गवतावर गाडी उभी करायची नाही, मुळशी-पानशेतकडे डिसेंबरनंतर हा धोका खरा आहे. ज्या गाडीत डीईएफ, म्हणजे धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं द्रावण, लागतं तिथे ते उणे ११ अंशांना गोठतं आणि टाकी रिकामी झाली की इंजिनची ताकद कापली जाते, मग गाडी सुरू होणंही अडतं. बीएस-४ गाडीत ही झंझट नाही. निव्वळ यंत्र म्हणून विचारलंत तर एका जागी पाय रोवून राहणाऱ्याला चांगली बीएस-४ गाडी जास्त सोसते. ज्यांना देशभर सतत फिरायचं आहे, त्यांनी नवीच घ्यावी.

आता वजन. जुनी आणि नवी दोन्हींना हे सारखंच लागू आहे आणि दोन्हींत याकडे दुर्लक्ष होतं. आरसीवर दोन आकडे असतात: रिकामं वजन आणि भरल्यावरची कमाल मर्यादा, म्हणजे जीव्हीडब्ल्यू. या दोघांतली वजाबाकी हेच तुमचं घर. दोघांच्या साध्या बांधणीचा हिशेब असा पडतो: १२ मिलिमीटर प्लायची आठ बाय चारची एक शीट साधारण २३ किलो, अशा आठ शीट म्हणजे १८५ किलो. पिण्या-वापरायचं पाणी १२० लिटर, म्हणजे १२० किलो. दोन लिथियम बॅटऱ्या ५०, दोन मोठे सोलर पॅनल फ्रेमसकट ७०, फ्रिज २०, एसी ५५, गादी २५, छत्रीसारखं बाहेर येणारं छप्पर ३०, संडास-न्हाणीचा कोपरा ६०, माणसं १३०, आणि कपडे-भांडी-पुस्तकं-हत्यारं २००. बेरीज ९४५ किलो. सामानाचे २०० किलो लोक हसण्यावारी नेतात, पण घर सोडून आलेल्या माणसाचं सामान कपाटात मावतं, काट्यावर नाही. तेरा-चौदा प्रवासी नेणाऱ्या गाडीतून सीट काढल्या की माणशी पासष्ट-सत्तर किलो धरून एवढं वजन सुटतं. त्याहून लहान गाडीत हीच यादी कोंबली तर पाटे बसतात आणि मागचे टायर आतून तापून सुटतात. आणि १२ ऐवजी १८ मिलिमीटरचा प्लाय वापरला की त्याच आठ शीट दीडपट होतात. सुताराला हे आधीच बजावायला लागतं, कारण त्याची सवय फ्लॅटमधल्या कपाटांची असते.

जुनी तयार कॅम्परव्हॅन घेत असाल तर मालकासोबत वजनकाट्यावर जा. पाण्याची टाकी भरून, डिझेल भरून, आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. एकूण मर्यादेत असूनही मागचा अ‍ॅक्सल ओव्हरलोड निघाल्याची उदाहरणं भरपूर असतात, कारण हौशी बांधणीत पाणी, बॅटरी आणि पलंगाखालचं सामान सगळं मागच्या चाकांच्या पलीकडे गेलेलं असतं. डावी-उजवी बाजू सपाट जमिनीवर टेपने मोजा. मडगार्डपासून चाकाच्या मध्यापर्यंतच्या अंतरात दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर किचन आणि टाकी एकाच बाजूला आहेत. परवान्याची काळजी मात्र नको. ७,५०० किलोपर्यंतची गाडी हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यात बसते. परिवहन गाड्यांबाबतचा संभ्रमही सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दूर केला आहे.

पत्रा बघायला सकाळचं तिरपं ऊन चांगलं. कोकणात किंवा मुंबईत वावरलेली गाडी पुण्यात पासिंग झाली म्हणून पुण्याची होत नाही. पहिल्या नोंदणीचं ठिकाण बघा. गंज शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: छताच्या कडेचं पन्हाळ, पायरीचा खालचा भाग, मागच्या चाकांच्या कमानी, बॅटरीखालचा ट्रे, स्टेपनीचा पाळणा आणि पाट्यांचे हँगर. वरवर रंग नवा असेल तर रंगाची जाडी मोजणारं यंत्र लावा. कंपनीचा रंग शंभर ते दीडशे मायक्रॉन असतो. तीनशेच्या वर आकडा गेला की खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. यंत्र नसेल तर चुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा, लांबीवर तो धरत नाही. चॅसिसच्या लांब पट्टीवर कुठे नवीन वेल्डिंग दिसलं तर भाव करत बसू नका, नमस्कार करून निघा.

इंजिनबद्दल थोडक्यात. गाडी थंड असतानाच पहिल्यांदा सुरू करायची, विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. ऑइलचं झाकण काढून आयडलला बघा. धूर भसाभसा बाहेर फेकला जात असेल तर रिंगा गेल्या, ‘हाफ इंजिन’चं काम जवळ आहे. मिस्त्रीकडून सिलिंडरचं कॉम्प्रेशन आणि इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करून घ्या. सिलिंडर-सिलिंडरमध्ये दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त तफावत नको. ‘गाडी एकहाती आहे, इंजिन खोललेलं नाही’ हे वाक्य प्रत्येक गाडीला लागतं, त्याचं मोल शून्य. टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. खाचा कितीही खोल असोत, सहा वर्षांपलीकडचा टायर सतत भरलेल्या गाडीला नको. आणि कात्रजचा किंवा दिवे घाट चढवून बघा. सपाट रस्त्यावर गुळगुळीत चालणारा क्लच तिसऱ्या गिअरच्या चढावर सुटायला लागतो.

घराची तपासणी पावसाळ्यात करा. जुनी कॅम्परव्हॅन जुलै-ऑगस्टमध्ये बघायला जाणं हा पुण्यात राहण्याचा फुकटचा फायदा आहे. शहरातला पाऊस पुरत नसेल तर मुळशी ओलांडून ताम्हिणीत गाडी एक रात्र उभी करू द्या, असं विकणाऱ्याला सांगा. तिथला पाऊस आडवा येतो आणि खिडकीचं रबर, व्हेंटची कड, सोलरच्या वायरीचं भोक, सगळं एका रात्रीत बोलायला लागतं. ते शक्य नसेल तर नळीने छतावर अर्धा-पाऊण तास पाणी सोडा आणि आत टॉर्च घेऊन कोपरे बघा. लाकडातला ओलावा मोजणारं छोटं यंत्र छताच्या कडेला आणि खिडक्यांखाली टेकवा. अठरा-वीस टक्क्यांच्या वर आकडा म्हणजे आत पाणी मुरतंय. सांधे कशाने भरलेत तेही बघा. पारदर्शक सिलिकॉन दिसलं तर ते न्हाणीघराचं काम आहे. गाडीचा पत्रा चालताना पिळवटतो आणि सिलिकॉन कडेने सुटतं. इथे खाली ब्युटाइल टेप आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट हवं. एक फळी उघडून दाखवा म्हणायचं. भिंतीमागे ग्लासवूल असेल तर ते ओलं होऊन खाली बसलेलं असतं आणि मागे बुरशी. तिथे चिकटवलेला नायट्राइल रबर किंवा एक्सएलपीई फोम असला तर बांधणाऱ्याला काम कळत होतं. फळी उघडायला नकार आला तर उत्तर मिळालंच.

वायरिंग हे जुन्या घराचं सर्वांत धोकादायक अंग. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज दिसला पाहिजे. नसेल तर पुढचं बघायची गरज नाही. घरातल्या भिंतीत टाकतात ती जाड तारेची वायर गाडीच्या कंपनाने आतल्या आत तुटते. इथे बारीक तारांची लवचिक तांब्याची केबल आणि दाबून बसवलेले लग लागतात. १२ व्होल्टवर २,००० वॅटचा इन्व्हर्टर दीडशे अ‍ॅम्पिअरच्या वर खेचतो, त्याला दीड-दोन मीटरसाठीसुद्धा ५० चौरस मिलिमीटरची केबल हवी. जुन्या गाड्यांत तिथे १० किंवा १६ ची केबल तापून कडक झालेली आढळते. बाहेरून वीज घ्यायच्या सॉकेटमागे ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा ब्रेकर, आहे का, त्याचं टेस्टचं बटण दाबल्यावर पडतो का, बघा. शेतावरच्या मोटारीच्या बोर्डावरून वीज घेताना अर्थिंगचा भरवसा नसतो. लोखंडी पेटीत राहणाऱ्याला हा ब्रेकर नसेल तर पावसात दाराची मूठ धरणंही जिवावरचं.

गॅसचं उत्तर सोपं. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून सिलिंडर बंद कप्प्यात आणि कप्प्याच्या तळाशी थेट गाडीबाहेर उघडणारं भोक. गळती ओळखणारा डिटेक्टरही जमिनीलगत. पलंगाखाली घरगुती लाल सिलिंडर आणि नळीवर तारेची गुंडाळी, असं दृश्य विकाऊ गाड्यांत दिसतं. राहत्या गाडीला पाच किलोचा सिलिंडर सोयीचा, तो पत्त्याच्या पुराव्याशिवाय ओळखपत्रावर मिळतो. पाण्याचीही एक छोटी परीक्षा आहे: टाकी भरा, पंप दाबापर्यंत चालू द्या, नळ बंद करून तासभर बसा. पंप मधेच आपोआप टुकटुकला तर कुठेतरी थेंब गळतोय. कॅसेट संडासाची टाकी अठरा-वीस लिटरची, दोघांना तीन दिवस पुरते. आपल्याकडे ती रिकामी करायची तयार सोय रस्त्यावर नाही. जिथे मुक्काम तिथल्या संडासात ओतायची परवानगी आधी घ्यावी लागते.

वरचं सगळं वाचून लक्षात येईल की जुन्या घरात बदलावं लागणार नाही असं फारसं काही उरत नाही. म्हणून जुनी तयार कॅम्परव्हॅन घेताना तिची किंमत रिकाम्या गाडीइतकीच धरायची. विकणारा ‘आत पाच लाखांचं काम केलंय’ म्हणतो. खिडक्या, फ्रिज, चांगली बॅटरी, छतावरचा पंखा एवढंच वापरता येण्यासारखं असतं, बाकीचं उतरवायला उलट मजुरी लागते.

नव्याने बांधायचं तर सामान पुण्यात सगळं आहे. प्लाय आणि लाकूड भवानी पेठेत, वायर-लग-ब्रेकर तपकीर गल्लीत, अ‍ॅल्युमिनियम आणि बॉक्स पाइपचं काम भोसरीत. विजेचा हिशेब आधी कागदावर मांडा. दोन माणसं गाडीतून कामही करणार असतील तर दिवसाला फ्रिज ०.६ युनिट, दोन लॅपटॉप ०.७, पंखा ०.३, राउटर ०.२, दिवे, पंप आणि मिक्सर मिळून ०.२, असे दोन युनिट. १२.८ व्होल्ट, २०० अ‍ॅम्पिअर-अवरच्या दोन लिथियम फॉस्फेट बॅटऱ्यांत पाच युनिट मावतात, म्हणजे ढगाळ दोन दिवस निघतात. ५४० वॅटचे दोन पॅनल पुण्यात एप्रिलमध्ये चार युनिट सहज देतात, भर पावसाळ्यात दीड-दोनवर येतात. प्रत्येक पॅनल सव्वादोन मीटर लांब, त्यामुळे दोन पॅनल, एसीचं बाहेरचं यूनिट आणि छताचा पंखा हे तिन्ही फक्त लांब व्हीलबेसच्या छतावर बसतात. आखूड गाडी स्वस्त मिळाली म्हणून घेताना हे लक्षात ठेवा. रात्रभर एक टनाचा इन्व्हर्टर एसी साडेतीन-चार युनिट पितो. तो बॅटरीवर चालवायचा हट्ट धरला की बजेट आणि वजन दोन्ही हाताबाहेर जातं. मे महिन्यात जिथे वीज मिळते तिथे गाडी लावणं हाच खरा उपाय.

पैशांचं गणित करताना दोन आकडे समोर ठेवा. विम्यासाठीचा ठरलेला घसारा: दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५०. समजा नवी गाडी २५ लाखांची, तर पाचव्या वर्षात विम्याच्या नजरेत ती साडेबारा लाखांची. आणि १५ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता ३१,८७१ रुपये, एकूण व्याज सुमारे ४ लाख १२ हजार. जुन्या गाडीला हा हप्ता नाही, पण तेवढ्याच शिस्तीने दरमहा दुरुस्तीचा पैसा बाजूला काढला नाही तर जुनी गाडी महागात पडते. आतल्या बांधणीची किंमत पॉलिसीत स्वतंत्र लिहून घ्यावी लागते, नाहीतर चोरी किंवा आग लागली तर भरपाई फक्त गाडीची. नोंदणीत बदल नसेल तर तीही वादात.

एक जागेचा प्रश्न नव्या-जुन्याच्या निवडीवर थेट येतो. पॅनल आणि पंखा धरून गाडीची उंची पावणेतीन मीटरच्या आसपास जाते. सोसायटीच्या तळघरातलं पार्किंग तिला घेत नाही आणि वरचं पार्किंग कमिटी देत नाही. मुळशी, पानशेत, भोरकडे शेतमालकाशी बोलून मासिक भाड्याने जागा, बोअरचं पाणी आणि १६ अ‍ॅम्पिअरचा पॉइंट मिळतो, तेव्हा गाडीचं निम्मं आयुष्य एका जागी जाणार हे गृहीत धरूनच निवड करावी. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण ते पर्यटकांसाठी आणि पार्क चालवणाऱ्यांसाठी आहे. कायम राहणाऱ्याची सोय त्यात शोधू नये.

व्यवहार झाल्यावर नमुना २९ आणि ३० भरून मालकी बदलायचा अर्ज ३० दिवसांत गेला पाहिजे, विमा आपल्या नावावर करायला १४ दिवस. आरसीवरचा पत्ता आई-वडिलांचा किंवा भावाचा ठेवा, कारण ई-चलान, विम्याची पत्रं आणि बँकेची तपासणी तिथेच येणार आणि गाडी हा कोणीही पत्ता म्हणून धरत नाही. गाडी दुसऱ्या राज्यात सलग बारा महिन्यांहून जास्त राहिली तर कलम ४७ प्रमाणे तिथे पुन्हा नोंदणी लागते. म्हणून टोलच्या आणि डिझेलच्या पावत्या वर्षभर जपून ठेवायच्या, राज्याची हद्द कधी ओलांडली ते दाखवायला त्याच उपयोगी पडतात.